नशा सोडणाऱ्याला बक्षीस द्यावं का?

महाराष्ट्रात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाचा, मोठा साठा पकडला गेला की पुढचे आठ दिवस काय चर्चा होणार, हे आता पाठ झालं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापर्यंत माग काढत शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केलं, तेव्हा हेच झालं. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांचे गुन्हे संघटित गुन्हेगारीविरोधी मकोका कायद्याच्या कक्षेत आणणारी दुरुस्ती मंजूर झाली, तेव्हाही हेच. एका बाजूला ‘फाशी द्या’ म्हणणारे. दुसऱ्या बाजूला ‘हा मेंदूचा आजार आहे, आजाऱ्याला शिक्षा कसली’ म्हणणारे. आणि शेवटी कुणीतरी ज्येष्ठ गृहस्थ ‘मनाचा निग्रह हवा, संस्कार हवेत’ म्हणून समारोप करतात. या तिघांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण तिघंही एकाच प्रश्नाला धरून बसलेले असतात: दोष कुणाचा? ज्या घरातला पंचविशीचा मुलगा पुडीसाठी घरातलं गॅस सिलिंडर विकून आलेला असतो, त्या घराला या प्रश्नाच्या उत्तराचा काडीचा उपयोग नाही. हा उद्या कसा थांबेल, आणि थांबलाच तर परवा पुन्हा सुरू का होणार नाही, हा त्या घराचा प्रश्न आहे.

या प्रश्नावर गेली पन्नास वर्षं वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी चिकाटीने काम केलं आहे आणि त्यातून हाती आलेल्या गोष्टी आपल्या चर्चेत जवळजवळ कुठेच येत नाहीत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नशा हे वर्तन आहे. ते त्याच्या लगेच मिळणाऱ्या फळावर चालतं. म्हणून नशामुक्तीच्या सरकारी खर्चातला ठळक वाटा अशा व्यवस्थेवर जायला हवा, ज्यात निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक तपासणीला तिथल्या तिथे, आधी ठरलेलं, छोटं बक्षीस मिळेल. कोकेन किंवा मेथसारख्या उत्तेजक नशेवर याहून भक्कम पुरावा असलेला दुसरा उपचार आज जगात नाही, आणि एमडी त्याच जातीची नशा आहे. ‘व्यसनी माणसाला वर बक्षीस?’ हा विचार ऐकताच अंगावर येतो, याची मला कल्पना आहे. पण या अंगावर येण्यापायीच आपण एक उपयोगी साधन कपाटात ठेवून दिलं आहे.

ही व्यवस्था नेमकी कशी असते ते पाहू. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टनच्या विद्यापीठात, स्टीव्हन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास कोकेनच्या रुग्णांसाठी एक योजना आखली. आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी. पहिला नमुना निगेटिव्ह आला की अडीच डॉलरचं कूपन. पुढचाही निगेटिव्ह आला की त्यात सव्वा डॉलरची वाढ, त्याच्या पुढच्याला आणखी सव्वा. सलग तीन निगेटिव्ह आले की वर दहा डॉलर. नमुना पॉझिटिव्ह आला किंवा दिलाच नाही, तर कूपन पुन्हा अडीच डॉलरवर. रोख रक्कम हातात पडत नसे. रुग्णाने हवी ती वस्तू सांगायची, कर्मचाऱ्याने ती आणून द्यायची, आणि ती नशेविना दिवस घालवायला उपयोगी पडणारी हवी, उदाहरणार्थ मासेमारीचा परवाना. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना समुपदेशन सारखंच होतं, फरक फक्त कूपनचा. कूपन असलेल्या गटातले ७५ टक्के रुग्ण चोवीस आठवडे टिकले, नसलेल्या गटातले ४० टक्के. नशामुक्तीच्या क्षेत्रात काम केलेल्या कुणालाही विचारा, रुग्ण उपचारात टिकणं ही किती मोठी गोष्ट असते.

खर्चाचा आक्षेप तेव्हाच आला. त्यावर कनेक्टिकट विद्यापीठाच्या नॅन्सी पेट्री यांनी उत्तर काढलं ते चिठ्ठ्यांचं. काचेच्या भांड्यात ५०० चिठ्ठ्या. त्यातल्या २५० वर नुसतं ‘शाब्बास’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं, २०९ वर एखाद्या डॉलरची वस्तू, ४० वर वीसेक डॉलरची, आणि एका चिठ्ठीवर शंभर डॉलरचं मोठं बक्षीस. निगेटिव्ह आलं की भांड्यात हात घालायचा. सलग निगेटिव्ह येत गेलं की चिठ्ठ्या काढण्याची संख्या वाढत जाते. निम्म्या वेळा हाताला कौतुकाखेरीज काहीच लागत नाही, तरी माणसं येत राहिली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी २०११ पासून ही पद्धत सुरू केली. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून ती देऊ केली आहे, वर्षाला कमाल ५९९ डॉलरपर्यंत.

पण ज्या माणसाला नोकरी, बायको, पोरं, तब्येत यांतलं काहीच रोखू शकलं नाही, त्याला अडीच डॉलर कसे रोखतील? हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. त्याचं उत्तर १९९८ च्या एका छोट्या प्रयोगात दिसतं. पेट्री, वॉरन बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरॉइनच्या रुग्णांना आणि नशा न करणाऱ्यांना एक अर्धवट गोष्ट पुरी करायला सांगितली. नशा न करणाऱ्यांच्या गोष्टीतला भविष्यकाळ सरासरी ४.७ वर्षांपर्यंत पोचला. हेरॉइनच्या रुग्णांच्या गोष्टीतला, नऊ दिवसांपर्यंत. आता आपण व्यसनी माणसाला काय सांगत आलो आहोत ते आठवा. लिव्हर जाईल. पोरांचं शिक्षण होणार नाही. म्हातारपणी कोण बघेल? ही सगळी वाक्यं खरी आहेत आणि ज्या अंतरावरच्या फळांविषयी ती आहेत, तिथवर त्या माणसाची नजर त्या काळात पोचतच नाही. पुडीचं फळ मिनिटांत मिळतं, खात्रीने मिळतं. न घेण्याचं फळ वर्षाने मिळेल, कदाचित. बायको पुन्हा विश्वास ठेवेलही, नाहीही. कूपनचं काम एवढंच की न घेण्यालाही आज दुपारी, खात्रीने काहीतरी फळ यावं. रक्कम छोटी चालते. उशीर चालत नाही.

हाच हिशोब शिक्षेला लावून पाहा. शिक्षाही वर्तन बदलण्याचंच साधन आहे, त्यामुळे तिलाही तीच कसोटी: लगेच मिळते का, खात्रीने मिळते का? आपल्या १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २७ व्या कलमाखाली सेवनाबद्दल पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंतची कैद आहे. शंभरदा पुडी घेणाऱ्याच्या वाट्याला ती कधी येते? बहुतेकदा येतच नाही, आली तर वर्षांनी, आणि तोवर त्या शिक्षेचा आणि त्या पुडीचा संबंध त्याच्या मनात उरलेला नसतो. न्यूयॉर्क राज्याने १९७३ मध्ये रॉकफेलर गव्हर्नर असताना जगातल्या कडक कायद्यांपैकी एक केला. चार औंस हेरॉइन जवळ सापडलं तर किमान पंधरा वर्षं ते जन्मठेप. दहा-बारा वर्षांनी त्याच राज्यातल्या न्यूयॉर्क शहरात क्रॅक कोकेनची लाट आली, तुरुंग भरले, आणि २००९ मध्ये राज्याने स्वतःच त्यातली बहुतेक सक्ती काढून टाकली. आपल्याकडे मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. त्याचा मागे राहिलेला अवशेष म्हणजे गावोगावची परमिट रूम.

तरीही शिक्षेच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायलाच हवी. कारखाना काढून माल बनवणाऱ्याचा भविष्यकाळ नऊ दिवसांचा नसतो. तो नफा-तोट्याचं गणित वर्षांचं मांडतो, त्यामुळे त्याला कायद्याची भीती घालण्यात अर्थ आहे. माल महाग आणि दुर्मीळ झाला तर नव्याने लागणाऱ्यांची संख्या कमी होते, हेही खरं. माझा आक्षेप पुरवठ्यावरच्या कारवाईला नाहीच. कारवाई झाली म्हणजे प्रश्न हाताळला, असं मानून आपण जे बाकीचं करत नाही, त्याला आहे. उलट बाजूने पोर्तुगालचं नाव घेणारेही अर्धीच गोष्ट सांगतात. तिथे २००१ मध्ये स्वतःपुरती नशा बाळगणं गुन्ह्यातून वगळलं, पण पकडलेल्याला वाऱ्यावर सोडलं नाही. त्याला एका समितीपुढे उभं राहावं लागतं आणि त्या समितीमागे उपचारांची उभारलेली यंत्रणा असते. कायदा सैल करणं हा त्यातला स्वस्त भाग होता. महाग भाग पुढचा. आपल्याकडेही एनडीपीएसच्या ६४-अ कलमात उपचाराला स्वतःहून तयार होणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे. पण ज्या जिल्ह्यात पाठवायला केंद्रच नाही, तिथे त्या कलमाचं काय करायचं?

आता ‘आजार’ म्हणणाऱ्यांकडे वळतो, कारण माझी सहानुभूती त्यांच्याकडे आहे आणि म्हणूनच मतभेद नीट मांडायला हवा. १९९७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी व्यसन-संशोधन संस्थेचे तेव्हाचे प्रमुख अॅलन लेश्नर यांनी ‘व्यसन हा मेंदूचा आजार’ ही मांडणी जोरकसपणे पुढे आणली. तिने मोठं काम केलं. पाप म्हणून हाकलून दिलेला माणूस दवाखान्याच्या दारात आला. गर्द, हेरॉइन अशा अफूजन्य नशेत तर औषधाला पर्यायच नाही. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन नियमित मिळालं तर माणूस जगतो. ते न देता नुसत्या प्रवचनावर त्याला ठेवणं मला क्रूरपणा वाटतो. पण एमडीसाठी असं मान्यताप्राप्त औषध कुठे आहे? उत्तेजक नशेत वर्तनाचे उपचार हेच मुख्य उपचार आहेत. शिवाय ‘आजार’ म्हटल्यावर घरच्यांच्या मनात एक चित्र तयार होतं: दाखल करायचं, महिनाभर ठेवायचं, बरा करून आणायचा. अपेंडिक्स काढल्यावर माणूस कुठल्या गल्लीत राहायला जातो, याने फरक पडत नाही. नशेत मात्र सगळा फरक तिथेच पडतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा युद्धाने दिला. १९७१ मध्ये व्हिएतनाममधले अमेरिकन सैनिक मोठ्या प्रमाणावर हेरॉइन घेत असल्याचं उघड झालं आणि निक्सन सरकारला धास्ती पडली की ही हजारो माणसं आता घरी येऊन काय करतील. परतणाऱ्या प्रत्येकाची लघवी तपासायला सुरुवात झाली आणि ली रॉबिन्स या संशोधिकेवर त्यांचा माग ठेवण्याची जबाबदारी आली. तिथे असताना जवळपास वीस टक्के सैनिक नशेच्या आहारी गेले होते. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले पुन्हा आहारी गेले ते सुमारे पाच टक्के. तीन वर्षांत, थोड्या काळासाठी का होईना, बारा टक्के. बहुतेकांनी काही उपचारही घेतले नव्हते. त्याच काळात अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयातून सुटणारे बहुतेक हेरॉइन-रुग्ण आपल्या जुन्या वस्तीत जाऊन पुन्हा सुरू करत होते. दोन्हीकडे मेंदू माणसाचाच, पदार्थही तोच. सैनिक जिथे नशा शिकले ती जागा, ते सोबती, तो रिकामा वेळ, ती सहज मिळणारी स्वस्त पुडी, हे सगळं दहा हजार किलोमीटर मागे राहिलं. आपला मुलगा केंद्रातून सुटतो आणि रिक्षाने अर्ध्या तासात त्याच नाक्यावर उतरतो. महिन्याभराने तो घसरला की आपण म्हणतो, याच्यात निग्रहच नाही. याला निग्रहाची परीक्षा म्हणायचं, की व्यवस्थेची?

बक्षिसाकडे परत येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. पहिला आक्षेप नीतीचा: जो कधी नशेच्या वाटेला गेला नाही त्याला काही नाही आणि याला मात्र इनाम? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. कष्टाने संसार करणाऱ्या माणसाच्या मनात तो येणारच. पण आपण हे इतरत्र कधीच मान्य केलं आहे. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेत रुग्णालयात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला रोख मदत मिळते. २०१८ पासून क्षयाचा उपचार घेणाऱ्याला पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले, पुढे ते १००० झाले. ज्याला क्षय झालाच नाही तो तक्रार करतो का? रुग्ण उपचारात टिकला तर सगळ्या वस्तीचं भलं होतं, हे आपल्याला क्षयात पटतं. नशेच्या रुग्णामागेही घर असतं, शेजार असतो, रस्त्यावरची चोरी असते, एका पोरामागून लागणारं दुसरं पोर असतं. मग तिथेच आपला हात का आखडतो? क्षयरोगी आपल्याला बिचारा वाटतो आणि व्यसनी गुन्हेगार वाटतो, एवढंच त्याचं कारण आहे. पुराव्याचा त्यात काही भाग नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: बक्षीस थांबलं की परिणाम ओसरतो. हो, बऱ्याच अंशी ओसरतो. काहींच्या बाबतीत टिकतो, पण जोर कमी होतो, हे संशोधक स्वतः सांगतात. मात्र मधुमेहाची गोळी बंद केल्यावर साखर वाढली तर गोळी निरुपयोगी ठरत नाही. आणि बक्षीस चालू असतानाच्या काळाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. नशेविना गेलेले तीन महिने म्हणजे नोकरी शोधायला, मालकाशी बोलायला, घरच्यांचा थोडा विश्वास मिळवायला मिळालेली जागा. ती जागा भरली नाही तर माणूस परत घसरणार. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या केनेथ सिल्व्हरमन यांनी म्हणूनच कामच बक्षीस केलं: तपासणी निगेटिव्ह असेल तर आज कामावर या आणि पगार घ्या. आपल्याकडच्या कारखानदारांच्या संघटना आणि आयटीआय यांना हे अशक्य आहे का?

तिसरा आक्षेप खास आपला: इथे नमुनेही खोटे भरले जातील आणि कूपनंही खाल्ली जातील. ही भीती मी झटकून टाकणार नाही. त्यात आणखी एक तांत्रिक अडचण आहे, जी चर्चेत कुणी काढत नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या तपासणी-पट्ट्या मेफेड्रोन खात्रीने पकडत नाहीत. वेगळी तपासणी लागते, ती महाग असते, आणि निकाल लगेच लागला नाही तर बक्षिसातला प्राणच जातो. नशामुक्तीसाठी सरकारकडे काही मागायचं असेल, तर स्वस्त आणि लगेच निकाल देणारी एमडीची पट्टी मागा. हे काम आपल्या देशातल्या प्रयोगशाळांना झेपेल असं आहे.

वर्तनाचं हे शास्त्र परकं आहे, आपल्या मातीत रुजणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी वारकऱ्यांच्या गावात एक संध्याकाळ काढायला सांगेन. ‘माळ घातली आणि दारू सुटली’ हे वाक्य पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत ऐकू येतं. माळ घालताना काय काय बदलतं ते बारकाईने पाहा. दारूच्या अड्ड्याकडे पाय वळायची वेळ आणि देवळात हरिपाठ सुरू व्हायची वेळ एकच असते, म्हणजे दिवसातली नेमकी धोक्याची घटका भरली गेली. सोबत बदलली: काल ज्यांच्याबरोबर बसायचा ते सुटले, आज टाळ हातात घेतलेली पंधरा माणसं शेजारी उभी. गळ्यातली माळ सगळ्यांना दिसते, म्हणून मित्रही ग्लास पुढे करत नाही. आणि फळ लगेच मिळतं. ज्याला काल गाव दारुडा म्हणत होतं, त्याच्या पाया पडून समोरचा त्याला माउली म्हणतो. हा मान उद्याचा नाही, त्याच संध्याकाळचा आहे. श्रद्धेचा भाग मी कमी लेखत नाही. पण श्रद्धेच्या जोडीला रोजची वेळ, सोबत, उघड बांधिलकी आणि ताबडतोबीचा मान आहे, म्हणून ती पेलली जाते. जिथे ती कमी पडते ती जागाही पाहण्यासारखी आहे. एकदा प्यायला की माणूस माळ काढून ठेवतो आणि शरमेने देवळाकडे फिरकत नाही. परत यायची पायरीच उरत नाही. व्हरमाँटच्या योजनेत घसरलेल्याचं कूपन तळाला जाई, पण पुढचे सलग पाच नमुने निगेटिव्ह आले की ते आधीच्या जागी परत येई. घसरणं धरूनच ती आखली होती. आपल्या शपथांमध्ये, मग त्या देवापुढच्या असोत की आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या, परतीची ही वाट नसते.

घरच्यांकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो, आणि मला याची खरी खंत वाटते. ‘तो तयारच नाही’ हे वाक्य बायका आणि आया वर्षानुवर्षं सांगत फिरतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांना एवढंच उत्तर मिळतं, की तो तयार झाला की घेऊन या. न्यू मेक्सिकोत रॉबर्ट मेयर्स यांनी उपचाराला नकार देणाऱ्यांच्या घरच्यांनाच शिकवायचं ठरवलं. तो शुद्धीत असताना जवळ बसा, गप्पा मारा, आवडीचं करा. नशेत आला की वाद घालू नका, बाजूला व्हा. त्याने केलेली घाण, कर्ज, मालकाला सांगायची खोटी कारणं आपल्या अंगावर घेऊ नका. आणि त्याला स्वतःला लाज वाटत असते तो क्षण ओळखून उपचाराचा विषय काढा, तेव्हा अपॉइंटमेंट तयार ठेवा. १९९९ च्या तुलनात्मक चाचणीत दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांना तीन पद्धतींनी मदत केली. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून जाब विचारायच्या पद्धतीने ३० टक्के लोक उपचाराला आले, घरच्यांच्या आधारगटाच्या पद्धतीने १३ टक्के, आणि या शिकवणीने ६४ टक्के. एक इशारा मात्र आधीच द्यायला हवा. जिथे मारहाण आहे तिथे पहिली गोष्ट त्या बाईची सुरक्षितता, बाकी सगळं नंतर. आणि शिकवण मिळाली म्हणून त्याच्या नशेची जबाबदारी तिच्या माथी येत नाही.

यासाठी मनोविकारतज्ज्ञ कुठून आणायचे? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळाल्याचं दिसलं. तज्ज्ञांची वाट पाहत बसलो तर ही दरी कधीच भरणार नाही. पण उत्तर शेजारी गोव्यातच आहे. तिथे संगत या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हानिकारक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी घेतली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि प्रत्येक रुग्णाशी जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा आधीच्या चौदा दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले त्या गटात ४२ टक्के निघाले, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात १८ टक्के. वर्षाने धोक्याच्या पातळीबाहेर आलेले ५४ विरुद्ध ३२ टक्के. हे पूर्णपणे दारूवर अवलंबून असलेले रुग्ण नव्हते आणि ही एमडी नव्हती, हे मी लपवत नाही. पण ‘आपल्याकडे माणसंच नाहीत’ या सबबीला गोव्याने जागा ठेवलेली नाही.

आणि प्रतिबंध? दर २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळांमध्ये काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. प्रभातफेरी, घोषणा, कवट्या काढलेली चित्रं, साहेबांचं भाषण, सामुदायिक शपथ. अमेरिकेने हे आपल्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. १९८३ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी सुरू केलेला ‘डेअर’ कार्यक्रम देशभरच्या वर्गांत गेला, गणवेशातला अधिकारी मुलांना नशेचे धोके सांगू लागला, पालक खूश झाले. मग एकामागून एक मूल्यमापनं झाली आणि मुलांच्या नशेवर त्याचा दखल घेण्याजोगा परिणाम कुणालाच सापडला नाही. १९९८ ते २००४ मध्ये अब्जाहून अधिक डॉलर खर्चून केलेल्या जाहिरात मोहिमेचं तेच झालं. चौदा वर्षांच्या पोराला धोका सांगितला की तो घाबरेलच असं नाही. ‘सगळेच करताहेत, म्हणूनच तर सांगताहेत’ हेही त्याच्या मनात येतं.

याच्या उलट बाल्टिमोरच्या पहिलीच्या वर्गांत १९८५ मध्ये सुरू केलेला एक खेळ. त्यात नशेचा उल्लेखसुद्धा नव्हता. शिक्षिका मुलांचे मिश्र गट करायची, खोडकर मुलंही प्रत्येक गटात वाटून. थोडा वेळ गटाने नियम पाळले की गट जिंकला, आणि सगळे गट एकाच वेळी जिंकू शकत. सुरुवातीला बक्षीस लगेच, पुढे दिवसाअखेर, मग आठवड्याअखेर. म्हणजे वाट पाहायची ताकद सहा वर्षांच्या मुलात पायरीपायरीने रुजवायची. शेपर्ड केलॅम आणि सहकाऱ्यांनी ही मुलं विशीच्या आसपास आल्यावर पुन्हा शोधली. मुलग्यांमध्ये नशेचा विकार जडलेले खेळ न खेळलेल्या गटात ३८ टक्के होते, खेळलेल्यांत १९ टक्के. सर्वांत जास्त फायदा झाला तो वर्गात दांडगाई करणाऱ्या, म्हणजे ज्यांना आपण मागच्या बाकावर बसवून विसरतो त्या मुलांना. पुराव्याची मर्यादा आहेच, एका शहरातली काही शाळा. पण नऊ दिवसांचा भविष्यकाळ लांबवायचा असेल तर तो पंचविशीत लांबवण्यापेक्षा सहाव्या वर्षी सोपा जातो, हे समजायला फार मोठी झेप लागत नाही. शिक्षकांवर आणखी एक ओझं टाकायचं नसेल, तर २६ जूनचा कार्यक्रम वगळा आणि तो वेळ व पैसा पहिलीच्या बाईंच्या प्रशिक्षणाला द्या.

मागणी मोठी नाही. मुंबई, पुणे आणि नाशिक इथे प्रत्येकी एका सरकारी रुग्णालयात बारा आठवड्यांची योजना सुरू करावी. आठवड्यातून दोनदा विश्वासार्ह तपासणी, चिठ्ठ्यांचं भांडं, किराणा किंवा रिचार्जची कूपनं, घरच्यांसाठी वेगळे वर्ग, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक. अर्ध्या रुग्णांना नेहमीचा उपचार, अर्ध्यांना त्यासोबत हे. नमुना घेणारा आणि कूपन देणारा कर्मचारी वेगवेगळा. कूपनांचा हिशोब दर महिन्याला उघड. सहा महिन्यांनी आणि वर्षाने रुग्ण कुठे आहेत ते पाहायचं, आणि आकडे जसे येतील तसे मराठीत छापायचे, योजना फसली असली तरी. विधिमंडळात एमडीवर पुढची चर्चा होईल तेव्हा किती किलो पकडलं या आकड्याशेजारी किती जण वर्षभर टिकले हा आकडाही मांडता यायला हवा. आज तो आपल्याकडे नाही, कारण तो कुणी मागितलेला नाही.